हात कोणी तोडले, गाईडसाहेब?

आग्र्यातले गाईडसाहेब,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे.

तुम्ही मला विसरला असाल. तुमच्या गाडीत रोज नवी माणसं बसतात. मला मात्र तुमचं वाक्य न् वाक्य आठवतं, कारण माझ्या शेजारी बसलेली माझी आई ते जीव लावून ऐकत होती. तिने आयुष्यभर रावेरजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवला. ताजमहाल तिने मुलांना फळ्यावर काढून दाखवला होता, स्वतः कधी पाहिला नव्हता. आता गुडघे दुखतात, चार पावलं चाललं की बसावं लागतं. घोळक्यातल्या सहलीत तिच्यासाठी कोण थांबणार? म्हणून जास्त पैसे भरून आम्ही खासगी सहल घेतली. आमचीच गाडी, आमचाच गाईड. दिल्लीहून पहाटे निघायचं, यमुना एक्स्प्रेसवेने आग्रा गाठायचं, रात्री परत. एकच दिवस होता, पण तो दिवस पूर्ण आमचा असेल असं आम्हाला सांगितलं होतं.

तो तुम्ही घेतलात.

ताजच्या दरवाजातून आत शिरताच तुम्ही पहिली गोष्ट कोणती सांगितलीत? वीस हजार माणसं बावीस वर्षं राबली आणि काम संपल्यावर शाहजहानने कारागिरांचे हात तोडले, म्हणजे असं दुसरं कोणी बांधू नये. हे सांगताना तुम्ही आवाज खाली आणलात, मनगटावरून बोट फिरवून दाखवलंत. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबातली लहान मुलगी आपले हात पाठीमागे लपवत होती.

मला तुम्हाला सरळ विचारायचं आहे. हात तोडले, तर १६३९ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याचं काम कोणी सुरू केलं? ताजची मुख्य इमारत उभी होत होती, बाग आणि बाहेरचं काम चालूच होतं, तेव्हाच त्याच बादशहाने शाहजहानाबाद नावाचं अख्खं शहर वसवायला घेतलं. १६४८ मध्ये किल्ला पुरा झाला, पाठोपाठ जामा मशीद आली. इतके पाथरवट, इतके गवंडी, संगमरवरात रंगीत खडे बसवणारे इतके पच्चीकार आले कुठून? उस्ताद अहमद लाहोरीचं नाव तुम्ही घेतलंत, त्याबद्दल आभार. त्याच्या मुलाने, लुत्फुल्ला मुहंदिसने, आपल्या वडिलांनी ताज आणि दिल्लीचा किल्ला दोन्ही बांधल्याचं काव्यात लिहून ठेवलं आहे. दुसरा मुलगा अताउल्ला आमच्याकडे आला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यावर त्याचं नाव आहे. हात तोडलेल्या घराण्याची ही कामं आहेत का?

आणि अमानत खान. दरवाजाच्या कमानीवरची ती काळी अक्षरं तुम्ही आम्हाला दाखवलीत, वरची अक्षरं मोठी करत नेल्यामुळे खालून सगळी सारखी दिसतात हेही सांगितलंत. ते छान सांगितलंत. पण ज्याने ती लिहिली त्याचं नाव सांगितलं नाहीत. शिराझहून आलेल्या या माणसाला ताजवर आपली सही करायला मिळाली. नंतर त्याने पंजाबात, अमृतसरच्या बाजूला, स्वतःची सराई बांधली. १६४०-४१ च्या सुमाराची ती सराई आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते, तिच्या दरवाजावर त्याच्याच हातची अक्षरं आहेत. ताजवर लिहून झाल्यानंतरची अक्षरं! ज्याने ताजचा कागद केला त्याचा हात शाबूत होता, गाईडसाहेब. तो तुम्ही रोज सकाळी नव्याने तोडता.

ही गोष्ट मला निरुपद्रवी वाटत नाही. पाथरवटांनी ताजच्या दगडांवर आपापल्या खुणा कोरून ठेवल्या आहेत. चांदण्या, त्रिकोण, अशी लहान लहान चिन्हं. आपलं काम मोजलं जावं, ओळखलं जावं म्हणून केलेल्या खुणा. ज्यांची नावं राहिली नाहीत त्यांचं एवढंच तिथे उरलंय. तुम्ही आईला त्यातली एक जरी दाखवली असतीत, तर ती तिथेच बसून राहिली असती. त्याऐवजी तुम्ही त्या माणसांना लुळं करून टाकलंत, कारण लुळ्या माणसांची गोष्ट जास्त बक्षिशी मिळवते.

शाहजहान नदीपलीकडे स्वतःसाठी काळा ताज बांधणार होता, या तुमच्या गोष्टीबद्दल फार लिहीत नाही. यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत १९९० च्या दशकात उत्खनन झालं. तिथे अष्टकोनी तलाव निघाला, कारंजी निघाली, ताजचं प्रतिबिंब पाण्यात पडावं अशी रचना निघाली. काळ्या संगमरवराच्या मकबऱ्याचा पाया निघाला नाही. खरी गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा किती सुंदर आहे पाहा: आपल्या बायकोच्या कबरीचं प्रतिबिंब पाहण्यासाठी नदीपलीकडे केलेली चांदण्याची बाग. ही सांगायला काय हरकत होती?

मग आईने तुम्हाला बुऱ्हाणपूरबद्दल विचारलं. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं, कारण ती बोलायला किती वेळ धीर गोळा करत होती ते मी पाहत होते. रावेरहून बुऱ्हाणपूर जवळ. शाळेची सहल ती दर वर्षी तिथे न्यायची. मुमताज गेली ती १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं होतं आणि काही महिन्यांनी तिथून आग्र्याला आणलं. आईला विचारायचं होतं की आणल्यावर, मकबरा तयार होईपर्यंत, तिला इथे आवारात कुठे ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "नहीं माताजी, मुमताज़ यहीं आगरे के क़िले में गुज़री थीं।" आई गप्प झाली. तिला उत्तर येत होतं आणि तुम्हाला येत नव्हतं, तरी गप्प तिला बसावं लागलं, कारण गळ्यात ओळखपत्र तुमच्या होतं.

ते ओळखपत्र खरं आहे, म्हणूनच हे पत्र आहे. स्टेशनबाहेर आणि पार्किंगमध्ये अंगावर येणारे लोक असतात, आग्र्यात त्यांना लपके म्हणतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना कोणी परवाना दिलेला नाही. तुम्ही परीक्षा दिली आहे, तुम्हाला हे सगळं शिकवलं गेलं आहे. ताज कोणी, कधी, कशाने बांधला हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही.

आता दुकान. ताजच्या तिकिटावर तीन तास मिळतात. तुम्ही आम्हाला त्याच्या निम्म्या वेळातच बाहेर काढलंत. मुख्य मकबऱ्यात जाण्यासाठी वेगळे दोनशे रुपये भरले होते. आत आईला जाळीजवळ टेकू न देता तुम्ही "चलिए, भीड़ बढ़ रही है" म्हणत राहिलात. आई पच्चीकारीतली फुलं पाहत होती. अफगाणिस्तानातून आणलेल्या लाजवर्दाची एक निळी पाकळी तिने बोटाने हवेतच गिरवली, दगडाला हात लावला नाही. तुम्ही घड्याळ पाहत होतात.

आणि मग एका एम्पोरियममध्ये मात्र वेळच वेळ होता. तिथे गर्दी वाढत नव्हती. काचेच्या पेल्यात चहा आला. दारात एक कारागीर सहाणीच्या चाकावर दगडाची पाकळी घासत बसला होता. तो ताज बांधणाऱ्यांच्या वंशातला आहे असं तुम्ही सांगितलंत. सकाळी ज्यांचे हात तोडलेत, दुपारी त्यांचेच वंशज विकायला काढलेत! दिवे घालवून टॉर्च लावला, ताटली उजळली, "असली मकराना" संगमरवर झाला. आमच्यासोबत आलेल्या मावशीने एक डबी घेतली. घरी आल्यावर झाकणावर नखाचा ओरखडा उठला. संगमरवरावर नखाने ओरखडा उठत नाही, मऊ सोपस्टोनवर उठतो. तुम्हाला हे ठाऊक नाही?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग त्या चाकावरच्या माणसासाठी येतो. आग्र्यात आजही खरी पच्चीकारी करणारी घराणी आहेत. ताजगंजच्या गल्ल्यांत बसून ती एकेक खाच कोरतात, एकेक खडा बसवतात, तो हलू नये म्हणून वाकून काम करतात, डोळे झिजवतात. ताजगंज हा ताजच्याच आवारातला बाजार. तीस गावांचा महसूल आणि या बाजाराचं उत्पन्न मकबऱ्याच्या देखभालीला लावून दिलेलं होतं. म्हणजे इथल्या व्यापारातून ताज सांभाळला जावा अशी मूळची सोय होती. तुम्ही ती उलटी केलीत. ताज दाखवायचा तो दुकानापर्यंत माणसं पोचवण्यासाठी. आमच्या खिशातून निघालेल्या पैशांतून तुमचं कमिशन आणि ड्रायव्हरचं कमिशन गेल्यावर चाकावरच्या माणसाला काय उरतं, हे त्यालाच एकदा विचारा.

आग्र्याच्या किल्ल्यात तर तुम्ही कहर केलात. आम्ही मराठी आहोत हे कळताच एका अंधाऱ्या खोलीसमोर उभं करून तुम्ही म्हणालात, "शिवाजी महाराज को यहीं क़ैद किया था।" आणि माझ्याकडे पाहिलंत, डोळे भरून येतात का ते पाहायला. आधीच्या गाडीतल्या लोकांना त्याच खोलीत तुम्ही कोणाला कोंडलं होतंत?

महाराज १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात गेले. औरंगजेबाचा पन्नासावा वाढदिवस होता. पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं म्हणून ते भर दरबारात संतापले. आमेरचा राजपुत्र रामसिंग याच्या माणसांनी आमेरला पाठवलेली राजस्थानी पत्रं आहेत, त्यांत त्या दिवसाची हकिकत आहे. त्यानंतर महाराजांना रामसिंगाच्या तळाजवळ, शहराबाहेरच्या छावणीत ठेवलं गेलं. भोवती कोतवाल फुलादखानाचा पहारा बसला. १७ ऑगस्टला ते निसटले. किल्ल्याच्या खोलीत त्यांना कोणी कोंडलेलं नव्हतं. आईने हे तुम्हाला सांगितलं, या वेळी ती गप्प बसली नाही. तुमचं उत्तर होतं, "माताजी, किताबों में सब नहीं होता।"

बरोबर आहे, किताबों में सब नहीं होता. म्हणून तर माणूस पैसे देऊन गाईड घेतो. तिला दीवान-ए-खासच्या खांबांमध्ये उभं राहायचं होतं. दरबार भरायचा तेव्हा कोण कुठे उभं राहत असे, आवाज किती दूर जात असेल, रागाने बाहेर पडलेला माणूस कोणत्या बाजूने गेला असेल, हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तिथे थांबायला तुम्हाला वेळ नव्हता. पेठ्याच्या दुकानाला होता.

इतिमाद-उद-दौला सहलीच्या यादीत लिहिलेलं होतं. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी १६२२ ते १६२८ मध्ये बांधलेला मकबरा, ताजच्या आधीचा, आणि पांढऱ्या संगमरवरावर इतकी भरगच्च पच्चीकारी पहिल्यांदा तिथे झाली. ताजमध्ये जे दिसतं ते तिथे सुरू होतं. एका मुलीने बापासाठी बांधलेली ती इमारत मला आईबरोबर पाहायची होती. "आज टाइम नहीं बचा, वैसे भी छोटा है," असं म्हणून तुम्ही गाडी वळवायला सांगितलीत. छोटा आहे खरा. एका दुकानात घालवलेल्या वेळेत तो निवांत पाहून झाला असता, आणि आईला फार चालावंही लागलं नसतं.

तुमची बाजू मला माहीत आहे. सहल विकणारी कंपनी तुमच्या हाती फार पैसे देत नाही. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसतं. दुकानात नेलं नाही तर ड्रायव्हर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. हे सगळं खरं असेल. मग सकाळी गाडीत बसताच सांगायचंत: ताई, माझी फी कमी आहे, दुकान टाळायचं असेल तर एवढे जास्त द्या. मी दिले असते. आमच्यासारखी पुष्कळ माणसं देतील. कंपनीलाही मी हेच लिहिलं आहे: गाईडला पुरेसे पैसे द्या आणि यादीत दुकान असेल तर ते आधी छापा.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर आम्हाला एक तरुण गाईड भेटला. छतावरचा सिमेंटचा थर काढून जुन्या पद्धतीचा चुना पुन्हा कसा लावला, हे त्याने भिंतीजवळ नेऊन दाखवलं. आईने त्याला एका कबरीबद्दल विचारलं, ती कोणाची म्हणून. तो म्हणाला, "ये मुझे नहीं मालूम, पूछकर बताऊँगा।" आणि संध्याकाळी त्याने खरंच फोन केला. आई त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. बुऱ्हाणपूरबद्दलच.

पुढच्या वेळी तुमच्या गाडीत कोणी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन बसलं, तर तिला आधी नदीपलीकडे न्या. मग ताज. कमानीखाली उभं राहून अमानत खानचं नाव सांगा, सराईचं सांगा, पाथरवटांच्या खुणा दाखवा. एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणा. आणि वस्तू घ्यायचीच असेल त्यांना, तर ज्याने ती घडवली त्याच्या ताजगंजातल्या घरी न्या, पैसे त्याच्या हातात पडू द्या.

तुमचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते पर्यटन खात्याकडे दिलेल्या अर्जात आहे. सोबत डबीची पावती आणि सहलीची छापील यादी जोडली आहे, तिच्यात इतिमाद-उद-दौलाच्या नावाखाली लाल रेघ मारली आहे. चौकशीला बोलावलं तर आई स्वतः यायला तयार आहे.

एक प्रवासी
(जळगाव जिल्हा)