पद्मिनीचा डावा कल

मुंबईच्या टॅक्सीसेवेतून २०२३ मध्ये निवृत्त झालेली, परंतु हौशी मालकांच्या दारात अद्याप चकाकणारी, कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी प्रीमियर पद्मिनी ड्रम ब्रेकवर थांबते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रमला आतून दोन अर्धगोल शू घासून तिची गती रोखतात. हे सारे ब्रेक नव्याने करून घेतल्यावर पहिल्याच सिग्नलला गाडी सरळ थांबण्याऐवजी डावीकडच्या केळीवाल्याच्या रोखाने निघते, तेव्हा मालकाला प्रथम मेकॅनिकची आणि लगोलग केळीवाल्याची काळजी वाटते.

हे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात; बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम १७ व्या शतकातला असून त्या काळी चाकापर्यंत तेल नेणारे रबरी होज पाइप नव्हते, हे पास्कलचे भाग्यच म्हणावे लागेल. दाब दोन्हीकडे सारखाच असताना डावा ब्रेक ‘जास्त लागतो’ असे निदान करून तोच सैल करण्याची जी प्रथा आहे, ती चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी होय. कारण गाडी ज्या बाजूला ओढते, त्या बाजूचा ब्रेक बहुधा आपले काम चोख करीत असतो आणि कामचुकारपणा विरुद्ध बाजूला चाललेला असतो. तिथे लायनिंगवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या अस्तरावर, ग्रीस सांडलेले असते, किंवा व्हील सिलेंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन गंजून बसलेला असतो. संन्याशाला सैल केल्यावर गाडी सरळ थांबते खरी, पण सिग्नल ओलांडून.

होज पाइपचा कावा याहून खोल असतो, कारण बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा हा पाइप आतून सुजलेला असला की पायाच्या जोराने तेल कसेबसे पुढे जाऊ देतो, परत मात्र येऊ देत नाही. अशा वेळी गाडी जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडावा, आणि चाक जखडलेलेच राहिल्यास निपल, म्हणजे हवा काढण्यासाठी ठेवलेला पोकळ स्क्रू, किंचित सैल करावा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर संशय होजवर जातो, एरवी सिलेंडर किंवा शूवर. ती चिळकांडी बॉडीवर पडून तशीच राहिली, तर रंगाऱ्याचीही सोय होते.

दोन्ही पुढच्या टायरांतली हवा सारखी आहे का, हे पाहण्याचे काम मात्र सर्वांत शेवटी सुचते, बहुधा त्याला पैसे पडत नाहीत म्हणूनच.