कोकणी माणसाला दमटपणा शिकवू नये

मुलाने शॅमेलिऑन आणला तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही. पण पिंजऱ्यात दमटपणा राखायचा आहे असं कानावर आलं आणि मी न बोलावता पुढे सरसावलो. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये या विषयातला माझ्याइतका अधिकारी माणूस कोण? इथे वर्षाला पाऊस जेमतेम 200 मिलिमीटर. आमच्या रत्नागिरीत 3000 च्या वर. सादळलेल्या काडेपेट्या, वातड पापड आणि बुरशी धरलेल्या चपला यांत ज्याचं बालपण गेलं, त्याच्यासमोर चिरंजीव दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर नाचवतात!

ही जात मूळची येमेन आणि नैर्ऋत्य सौदीतली. डोक्यावर उंच तुरा आणि चेहऱ्यावर कायमची नापसंती, म्हणून मी त्याला तात्या म्हणतो. आपल्याकडचा घोयरा सरडा त्याचा भाऊबंद; पण 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे तो पाळणं गुन्हा आहे. तात्या वाटीतल्या पाण्याकडे ढुंकून बघत नाही. पानावर थेंब चमकला, तरच तो प्यायला सरसावतो. म्हणून पिंजऱ्यात झाडं लागतात. प्लॅस्टिकचं पानही थेंब धरतं, पण खरं पान स्वतः बाष्प सोडतं आणि तात्याने खाल्लं तर पचतंही.

झाडांतलं मुख्य झाड मनी प्लांट, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या. मनी प्लांट विकत घ्यायचा नसतो, ढापायचा असतो, हे मराठी मध्यमवर्गाचं अलिखित शास्त्र. पापभीरू माणसंसुद्धा शेजारच्या गॅलरीतून फांदी खुडताना कचरत नाहीत. पुढे ती रमच्या रिकाम्या बाटलीत जाते, आणि दारूला न शिवणाऱ्या घरात ती बाटली कुठून आली हे कुणी विचारत नाही. मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची ही वेल जगभर पसरली. त्यात आमच्या चोऱ्यांचा वाटा नक्की असणार. इथे मात्र चिरंजीवांनी ती चक्क पैसे मोजून आणली, पावतीसकट. लक्ष्मी येणार कशी? मी ऑफिसातल्या कुंडीतली एक फांदी खिशात घालून आणली आणि विकतच्या वेलीशेजारी खोचली. चोरीचीच जोमाने वाढतेय. तात्याही तीच कुरतडतो. जास्वंदही ठेवली होती, पण गणपतीसाठी राखलेलं फूल तात्याने चतुर्थीच्या आदल्या दिवशीच प्रसाद समजून खाल्लं.

झाडं लागल्यावर मी फवारणीचा ताबा मागितला. सकाळ-दुपार-संध्याकाळ झोडपून काढायचं, पिंजऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळायचं, आषाढ उभा करायचा, अशी माझी योजना होती. मुलगा म्हणाला, “बाबा, ओल रात्री. 80 टक्क्यांच्या पुढे गेली तरी चालेल. दिवसा मात्र 50 च्या आसपास, आणि पानं सुकली पाहिजेत. म्हणून तर जाळीचा पिंजरा घेतला. हवा न खेळता सतत ओल राहिली, की फुप्फुसं बिघडतात.”

यावर मला विनोद सुचला नाही. आमच्या रत्नागिरीच्या घरी मागची खोली आईची. भिंतीला ओल, कपाटामागे बुरशी, पावसात खिडक्या बंद. जूनपासून तिचा दमा सुरू व्हायचा आणि नवरात्रापर्यंत रात्री बसून काढायची. आम्ही म्हणायचो, कोकणातली हवाच तशी. डॉक्टर झाले, काढे झाले, नवस झाले. भिंतीकडे कुणी बघितलं नाही. वर त्याच ओलीचा आम्ही अभिमान बाळगला, आणि मी तर तो विमानात घालून इथवर आणला.

तात्याला यातलं काही नको आहे. त्याला हात लावलेला खपत नाही, टक लावून पाहिलेलं आवडत नाही. चिडला की अंग फुगवून गडद होतो. माझ्याकडे पाहून तो रोज गडद होतो.

तेव्हा शॅमेलिऑन पाळा किंवा पाळू नका. हायग्रोमीटर मात्र जरूर घ्या; स्वस्त असतो. घरात कुणी दमेकरी असेल, तर तो आधी त्यांच्या खोलीत लावा आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.