ना अंगडं, ना टोपडं

कुणाकडे बाळ बघायला गेलं की माझी पंचाईत होते. नाक आईवर गेलंय की आत्यावर, या वादात मला कुणी ओढू नये असं वाटतं आणि नेमकं मलाच ओढतात. सरपटणाऱ्यांच्या पिल्लांत ही भानगड नाही. घोणशीला वीस-तीस पिल्लं होतात, तीही अंड्यांतून नव्हे, थेट. सगळी हुबेहूब आईवर! आई मात्र बारशालाही थांबत नाही.

पाऊस सुरू झाला की सोसायटीला माझी आठवण येते. ‘काका, अजगराचं पिल्लू आलंय, इतकं गोड आहे!’ असा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण हे गोड अजगर बहुधा घोणस निघतं, आणि घोणशीचं पोर विष घेऊनच जन्माला येतं. उलट ‘मण्यार, मण्यार!’ म्हणून जिथे अख्खं कुटुंब खुर्च्यांवर चढलेलं असतं, तिथे पायपुसण्याखाली कवड्याचं पोर सापडतं. बिचारं बिनविषारी, पालींवर गुजराण करणारं. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट, हे मी दर पावसाळ्यात समजावतो. खुर्चीवर उभ्या माणसाला ते पटत नाही. पकडायचं काम सर्पमित्राचं. माझ्याकडे फक्त कौतुकाचं खातं. दिवडाचं पोर तर माझं खास लाडकं. जेमतेम पेन्सिलीएवढं, पण मान चपटी करून नागाचा आव असा आणतं की दाद द्यावीच लागते.

बायकोला हे कौतुक झेपत नाही, म्हणून तिला घेऊन मी वेळासला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात 2002 मध्ये चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था आणि गावकरी यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणातल्या वाळूत पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या, गार राहिली तर नर. म्हणजे पेढे की बर्फी, हे वाळूच ठरवते!

पिल्लांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, समुद्रापर्यंत त्यांनी आपल्या पायांनी जायचं. दोरीअलीकडच्या पर्यटकांना हात लावायची बंदी, सूचनांना नाही. त्यामुळे ‘डावीकडे, अगं डावीकडे!’ असा गलका. लाटेने एखाद्याला परत फेकलं की सगळा किनारा हळहळतो.

माझ्या शेजारच्या आजींनी विचारलं, ‘यांची आई कुठंय?’

‘समुद्रात. अंडी घातली त्याच रात्री गेली.’

‘मागे वळून बघितलंसुद्धा नाही?’ आजी चांगल्याच तापल्या.

‘आजी, एका वेळी शंभरेक अंडी घालते ती.’

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘मग बरं केलंन् गेली ते. राहिली असती तर यांचं करता करता मेली असती.’