चकतीलेख : एक पुराभिलेखीय अन्वेषण

शिलालेखांना अभ्यासक लाभले, ताम्रपटांना लाभले, मोडी दप्तरांना तर वाळवीसुद्धा लाभली. परंतु घरच्या घरी ‘राइट’ केलेल्या सीडीवर मार्करने कोरलेल्या लेखांकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलेले नाही. ही उणीव प्रस्तुत लेखक पलंगाखालच्या खोक्याच्या आधारे दूर करीत आहे. साधनसामग्री : चकत्या ६३, पैकी निनावी १७, एकीवर चहाच्या कपाचा वर्तुळाकार ठसा.

आधी कालनिर्णय. कोऱ्या सीडीची संहिता फिलिप्स आणि सोनी यांनी १९९० साली ‘ऑरेंज बुक’ या नावाने सिद्ध केली. क्षमता पुढे ७०० एमबी, म्हणजे ८० मिनिटांची गाणी. आत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग देत जातो, म्हणूनच या विधीला ‘बर्न करणे’ म्हणत. हा विधी सोवळ्यातला. तो चालू असताना माऊसला कोणी शिवायचे नाही, दुसरा प्रोग्रॅम उघडायचा नाही, शक्यतो शिंकायचेही नाही; कारण मध्येच बफर रिकामा झाला की चकती बाटली. (वरील चहाचा ठसा असल्याच एका बाटलेल्या चकतीवरचा.) पौरोहित्याला ‘निरो बर्निंग रॉम’ नावाचे जर्मन सॉफ्टवेअर असे. रोम जळत असतानाच्या सम्राटाचे नाव घेऊन लोक मुंजीचे फोटो जपून ठेवीत, याचे तेव्हा कोणालाच काही वाटले नाही. पुढे डीव्हीडीत ‘मायनस’ आणि ‘प्लस’ असे दोन पंथ झाले. त्यांच्यातला भेद दुकानदारालाही ठाऊक नव्हता, सबब येथे सोडून देतो.

आता मुख्य विषय. ‘नवीन गाणी’ हा लेख सर्वाधिक आढळतो. त्याखालोखाल ‘नवीन गाणी २’. शक, संवत, तिथी, काही नाही. ‘लग्न फायनल’ आणि ‘लग्न फायनल (खरी)’ या दोहोंत पाठभेद आहे; एकीत जेवणावळीचा भाग नसावा असा तर्क आहे, पण मामाच्या मते तोच भाग खरा. ‘हात लावलास तर याद राख’ हा लेख शिलाहारकाळातल्या गधेगाळीच्या परंपरेतला. तेथे शाप दान मोडणाऱ्याला असे, येथे धाकट्या भावाला. आणि ‘ही चालते’. एवढेच! या दोन शब्दांत उरलेल्या ६२ चकत्यांची निंदा आहे.

खरा शोध पुढेच आहे. सीडीची चकाकती बाजू आपण तान्ह्या बाळासारखी जपली. ती तर १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटची ढाल होती. मजकुराचा थर असतो वरच्या बाजूला, जेथे आपण नाव लिहितो तेथेच, लाखेच्या पातळ लेपाखाली. तेथे टोकदार बॉलपेन दाबून, शीर्षकाला रेघ ओढून ‘महत्त्वाचे’ असे लिहिणाऱ्या काकांनी ते महत्त्वाचे स्वहस्ते खरवडले. डीव्हीडीत मजकूर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध गेला, पण तोवर काकांच्या हाती पेनड्राइव्ह आला होता. त्यावर नाव लिहायला जागाच नाही.

ऱ्हासाचा वृत्तांत थोडक्यात. घराघरात ज्यांच्या कोऱ्या चकत्या असत, त्या मोझर बेअर कंपनीचे २०१८ साली दिवाळे निघाले. टीव्हीवरचे कार्यक्रम चकतीवर उतरवून ठेवणाऱ्या जपानातही पॅनासॉनिकने २०२३च्या फेब्रुवारीत आणि सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रेचे उत्पादन थांबवले. लॅपटॉपमधला ट्रे त्याआधीच नाहीसा झाला होता. रंगद्रव्य विटते, यंत्र मिळत नाही, मार्कर मात्र ठसठशीत आहे. आज या खोक्यात वाचता येण्याजोगा मजकूर काय तो वरचाच.

सबब विनंती. ज्या वाचकाकडे चालू ड्राइव्ह असेल, मग त्याचा ट्रे यू-पिन खुपसूनच उघडत असला तरी हरकत नाही, त्याने तो घेऊन यावे. चहा मिळेल. आरंभ ‘ही चालते’पासून करू.