बॉनेटवैद्य आप्पा

रहिमतपुरात जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की आप्पा येतात. बोलवावं लागत नाही. एसटी स्टँडवर चहा पीत असोत की सोसायटीत खताची चौकशी करत असोत, त्यांना कळतं. टोपी मागं सारून ते पहिला प्रश्न टाकतात, "पाणी कमी हुतंय न्हवं?" उत्तरासाठी थांबायची पद्धत नाही.

आप्पा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. कोरेगावात ते तात्या असतात, औंधाकडं बापू. सांगलीपर्यंत प्रत्येक स्टँडावर एक नेमलेला आहे. आधी ट्रकवर किन्नर, मग ड्रायव्हर, आता नातवाच्या मोटरसायकलवर मागं. स्टेअरिंग सुटलं, निदान सुटलं नाही.

त्यांना खरी रंगत येते ती वडापची जुनी डिझेल जीप रोज तांब्याभर कुलंट पिते आणि खाली थेंब दिसत नाही तेव्हा. आप्पा आधी होजपाइप दाबतात, कारण तो हाताला लागतो. मग रेडिएटरवर संशय. शेवटी मालकाचा दंड धरून, घरच्यांना बाजूला घेऊन डॉक्टर सांगतो तसं हळूच सांगतात, "हेड गॅसकेट गेलंय." ते गेलं असतं तर बहुधा सायलेन्सरमधून पांढरा धूर आला असता किंवा ऑइल दुधाळ झालं असतं. दोन्ही नाही. "दिसंल की हळूहळू," आप्पा धीर देतात.

नाटककार वसंत कानेटकर 1920 साली रहिमतपुरातच जन्मले. नाट्याची ती परंपरा आप्पांनी सोडलेली नाही. इंजिनावरचा ओलावा बोटानं टिपायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे. "ग्वाड लागतंय. कुलंटच." निदान बरोबर, पद्धत जिवावरची. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विष आहे. ते चाटून कुत्री-मांजरं मरतात.

मग उपाय. "रेडिएटरात चमचाभर हळद टाका. म्या अशीच गाडी मद्रासला न्हेली हुती." सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आप्पा रेडिएटरला दुसरी हळद चालू देत नाहीत. बारीक भोक तिनं तात्पुरतं बुजतंही. पण हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. रेडिएटरच्या नळ्यांत तिचा गाळ बसतो आणि पुढच्या घाटात इंजिन तापतं.

अखेर गॅरेजातलं आयटीआय झालेलं पोरगं आलं. इंजिन गार होऊ दिलं, रेडिएटरच्या तोंडावर काटा असलेला हातपंप बसवला, टोपणावर छापलाय तेवढाच दाब भरला आणि गप उभं राहिलं. गप उभं राहणं ही आप्पांच्या शास्त्रात न बसणारी क्रिया. काटा हळूहळू उतरू लागला. पोरानं बॅटरी मारली, तर वॉटरपंपाखालच्या बारीक भोकातून एक थेंब डोकावत होता. आतलं सील झिजलं की पाणी बाहेर पडावं, बेअरिंगमध्ये शिरू नये, म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. गाडी चालू असताना पंखा तो थेंब उडवतो, तापल्या लोखंडावर तो वाळतो, मागं पांढरट डाग राहतो. म्हणून ओलं होजपाइपाजवळ दिसत होतं आणि गळत होतं पंपातून.

पोरगं काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "म्या पयल्यांदाच म्हनलो हुतो, पंपच आसंल." कुणी हरकत घेतली नाही. उलट चहा आला.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांनो, एवढं पाळा. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं टोपण उघडू नका; आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलेलंही असू शकतं, आणि ते थेट तोंडावर येतं. ओलं दिसेल तिथला पार्ट बदलण्याआधी दाब लावून बघा. हळद कालवणात घाला. आणि आप्पांना चहा जरूर पाजा. चुकीच्या निदानाची एवढी स्वस्त फी दुसरीकडं कुठं नाही.