टिंगलराव, वडशाला या!

मु. पो. वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली

श्री. टिंगल, ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेममधले किरकोळ पात्र, यांस
स. न. वि. वि.

भाच्याच्या खांद्यावरून डोकावताना आपलं दर्शन घडलं. पस्तिशीचा गडी, घट्ट हिरवा पोशाख, वरून लाल चड्डी आणि स्वतःला परी समजतो! फुग्याला लटकून नकाशे विकतो. बाणाने फुगा फोडला की धप्पकन खाली. विचारलं, “हा कोण गा?” भाचा म्हणाला, “टिंगल.” नावच असं, तर लोकांनी दुसरं काय करावं?

आपण २००० साली प्रकटलात. पुढे ‘विंड वेकर’ या गेममध्ये नायकाला आठ नकाशे वाचून देण्याचे दर नकाशाला ३९८ रुपये लावलेत. हो, तिथलं चलनही रुपयेच! एकूण ३,१८४. अमेरिकेतले खेळाडू खवळले, ‘टिंगलला मारा’ म्हणू लागले. जपानने मात्र २००६ साली आपल्याला नायक करून अख्खा गेम काढला. तो पुढच्या वर्षी युरोपात पोचला, अमेरिकेत नाहीच.

टिंगलराव, हे दुखणं आमच्या ओळखीचं आहे. दिवाळी ते होळी इकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं चालतात. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्रभर नाटक. रात्री दोनच्या सुमारास नायिका पदर डोळ्याला लावते आणि नेमका तेव्हाच आमचा विनोदी नट घुसतो. शहरातला पाहुणा कपाळाला हात लावतो : “कथानकात याचं काम काय?” तेवढ्यात शेजारची म्हातारी शालीत गुरफटलेल्या नातवाला गदागदा हलवते : “ऊठ ना बाप्पा, तो आला!” नायक आला तेव्हा तिने त्याला झोपू दिलं होतं.

पाहुण्याला शेवट गाठायचा असतो. म्हातारीला पहाट गाठायची असते. आपल्यावर चिडणाऱ्यांचंही तेच. राजकन्या सोडवायची घाई, आणि वाटेत आपण हात पसरून उभे.

विनोदी भूमिकांनी झाडीपट्टीला हसवणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून त्याच पाहुण्याला आमच्या थिल्लरपणात ‘लोककलेचा जिवंत प्रवाह’ दिसतो. दिल्लीचा शिक्का बसला की विनोद कळायला सोपा जातो.

तेव्हा या. गोंदिया–बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन लागतं. नकाशा लागणार नाही. इथे वाट सांगायचे पैसे घेत नाहीत, वर चहा पाजतात. लग्न का नाही केलं, हे मात्र दहा जण विचारतील.

फुगा जरूर आणा. बाण मारणारा पाहुणा पहिल्या रांगेत असेल. पण आपण धप्पकन पडलात की हसणारे त्याच्या मागे पहाटेपर्यंत बसलेले असतील.

आपला,
एक जागा प्रेक्षक