जागेशिवाय नाव नाही

आमच्या नानांना झाडाचा फोटो पाठवून नाव विचारलं, की नाव येत नाही, उलटतपासणी येते. "पाय कुठे होते त्याचे?" साचलेलं पाणी की वाहतं? चिखल की वाळू? पाणी घोटाभर की गुडघाभर? विचारणाऱ्याने फोटो चालत्या गाडीतून काढलेला असतो. तो गप्प बसतो. नाना निवृत्त तलाठी. जागेशिवाय नाव लावायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

रविवारी सकाळी ते पाषाण तलावाच्या काठी पँट दुमडून उतरतात. एक देठ अंगठा आणि तर्जनीत धरून डोळे मिटून सावकाश फिरवतात. तीन धारा लागल्या की लव्हाळ्याचं कूळ. उटण्यातला नागरमोथा त्याच घरातला. देठ गोल आणि पेरं असलेला, तर गवत. गोल असून पेरं नाहीत, तर नाना खुलतात. कारण लव्हाळ्याच्या कुळातही काही गोल देठाचे निघतात. मग खिशातून भिंग येतं. सहा इवल्या पाकळ्यांचं फूल आणि बारीक बियांचं बोंड दिसलं, तरच तो खरा जंकस. हा गडी मुख्यतः थंड मुलखातला. नानांना पुण्यात तो अजून भेटलेला नाही, म्हणूनच त्यांचा उत्साह टिकून आहे.

पाणकणसाला मात्र ते मोजत नाहीत. ती तपकिरी कणसं शेंबडं पोरही ओळखतं म्हणे. पण पुतण्याच्या साखरपुड्यात फुलदाणीत नेमकी तीच निघाली. नानांनी एक उपसून व्याह्यांना दाखवलं : "वरच्या दांडीवर नर फुलं होती, ती झडली. खालचं हे जाड, ते मादी फुलांचं." आणि पुराव्यादाखल दाबलं. कणीस पिकलेलं, वर पंखा पाचावर. लाखांनी बिया, प्रत्येकीला कापूस. भटजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या, बासुंदीवर साय दिसेना.

एवढ्यावर भागलं असतं. पण नानांनी सजावटवाल्याला गाठून पत्ता विचारलाच. तो म्हणाला, मुलीच्या सोसायटीमागच्या डबक्यातलं. नाना व्याह्यांकडे वळले आणि भर मांडवात म्हणाले, "पाणकणीस एवढं माजलंय म्हणजे तुमचं सांडपाणी तिथे सुटतंय. बघून घ्या."

लग्न झालं. सांडपाणीही तिथेच सुटत होतं. तरी तुमच्याकडे कार्य असेल आणि नानांना बोलावणं भाग असेल, तर फुलदाणीत निशिगंध ठेवा, आणि पंखा बंद.